शाळेच्या वाचनालयात उपक्रम घ्यायचेत? सुरुवात कपाटाच्या किल्लीपासून

तीन वर्षांपूर्वी जूनमधल्या पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "वाचनालयासाठी आठवड्यातून एक दिवस कुणी देईल का?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. कसा कोण जाणे, माझा हात वर गेला. मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळा ठाण्यातली, मराठी माध्यमाची. सकाळी प्राथमिक भरते, दुपारी त्याच वर्गांत माध्यमिक. माझ्या डोळ्यांसमोर सतरंजी, तक्के, गोष्टीत रमलेली मुलं असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात मिळाली दोन लोखंडी कपाटं, त्यांच्यावर गेल्या स्नेहसंमेलनातले पुठ्ठ्याचे मुकुट, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या मावशी रजेवर.

मुलगी आता पाचवीत जाऊन दुपारच्या सत्राची झाली, मी मात्र अजून सकाळीच जाते. मधल्या काळात ऐरोली, कळवा, नेरूळ इथल्या चार-पाच पालकांनी आणि नव्याने वाचनालयाची जबाबदारी मिळालेल्या दोन शिक्षिकांनी मला तेच तेच प्रश्न विचारले. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते आहे. पहिली ते चौथीच्या शाळेपुरतंच लिहिलंय. मोठ्या मुलांचं गणित वेगळं असतं.

1. आधी कागद, मग गोष्टी

उत्साहाच्या भरात थेट वर्गात शिरू नका. शाळेत बाहेरचा माणूस नियमित येणार म्हटल्यावर मुख्याध्यापकांना त्याची नोंद ठेवावी लागते, आणि ते योग्यच आहे. सोबत एवढं न्या:

- मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज: कोणता वार, किती ते किती, कोणती इयत्ता, काय करणार
- आधार कार्डाची छायाप्रत आणि दोन फोटो
- शाळेने मागितला तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला (त्याला वेळ लागतो, म्हणून आधीच विचारून घ्या)
- मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांच्या संमतीचा नमुना. काढणार नसाल तर तसं अर्जातच लिहा, मुख्याध्यापकांची निम्मी काळजी मिटते

अर्जावर शाळेचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पालक-शिक्षक संघाच्या किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मांडून इतिवृत्तात येऊ द्या. महापालिकेच्या शाळेत ही समिती महत्त्वाची, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. कुणी "वाचनालयाची एवढी काय गरज?" म्हणालंच तर भांडू नका. 2009 च्या त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय हवं, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं लिहिलेलं आहे. तेवढं वाक्य शांतपणे वाचून दाखवा.

एक नियम स्वतःला घालून घ्या: वर्गशिक्षिका खोलीत असल्याशिवाय मुलांचा तास घ्यायचा नाही. बाई "तुम्ही आहात ना, मी वह्या तपासून येते" म्हणतील. हसून सांगा, वह्या इथेच आणा.

2. कपाट उघडा आणि सगळी पुस्तकं जमिनीवर काढा

हे काम दोन दिवसांचं आहे, धुळीचं आहे. तोंडाला रुमाल बांधा. शाळेकडून दाखल नोंदवही मागून घ्या. त्यात प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, नाव, किंमत, कधी आलं ते लिहिलेलं असतं. हातातलं पुस्तक आणि वहीतली ओळ जुळवत जायचं.

इथे मी पहिला घोळ घातला. वाळवी लागलेली, पानं गळालेली पंचवीस-तीस पुस्तकं गठ्ठा बांधून रद्दीला काढली होती. लिपिकदादांनी दारातच अडवलं. वहीत दाखल झालेलं पुस्तक कितीही फाटलेलं असो, ते शाळेची मालमत्ता असतं. त्याचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे नोंदीतून अधिकृतपणे कमी करणं: यादी, सभेची मंजुरी, मग सह्या. तेव्हा खराब पुस्तकांचा गठ्ठा वेगळा बांधा, वर यादी चिकटवा आणि मुख्याध्यापकांच्या हवाली करा. रद्दीवाल्याला फोन करण्याचं काम तुमचं नव्हे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. खाडीकाठची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाची मागची बाजू ओल धरते आणि ऑगस्टपर्यंत पुस्तकांना बुरशीचा वास येतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली विटा द्या, सगळ्यात खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा ठेवा. कसर लागलेली पुस्तकं सावलीत, पंख्याखाली उघडी पसरा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, पहिलीतली मुलं त्या गोळ्या-चॉकलेट समजून उचलतात. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतो.

वर्गवारीचा फार घाट घालू नका. मोठ्या ग्रंथालयांतली आकड्यांची पद्धत सात वर्षांच्या मुलाच्या कामाची नाही. आम्ही तीन रंगांच्या टिकल्या लावल्या: लाल म्हणजे चित्रं जास्त आणि पानावर एखादी ओळ, पिवळी म्हणजे चार-पाच ओळी, निळी म्हणजे सलग मजकूर. मुलांना मात्र "तू पहिलीत ना, मग लालच घे" असं कधीही म्हणायचं नाही. चौथीतल्या मुलाला लाल हवं असेल तर लाल घेऊ दे. टिकली तुमच्यासाठी आहे, पुस्तकं परत लावायला.

आणि पुस्तकांचे कणे दिसतील अशी मांडणी लहान मुलांसाठी फुकट जाते. त्यांना मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. दोन खिडक्यांच्या गजांना नायलॉनची दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे आणा आणि वीस पुस्तकं मधोमध उघडून दोरीवर टाका. दोरी मुलांच्या छातीच्या उंचीवर हवी. खर्च शंभर रुपयांच्या आत.

3. पुस्तकं कमी आहेत, आता काय?

"घरातली जुनी पुस्तकं दान करा" असा निरोप पालकांच्या गटावर टाकू नका. मी टाकला. आठवड्याभरात तीन पोती आली. त्यात बारावीचे गाईड, दोन पंचांगं, एका बँकेच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम होता. अल्बम परत पोचवायला मला चरई ते कोपरी दोन फेऱ्या पडल्या.

आता निरोप असा जातो: "सहा ते दहा वयाच्या मुलांची गोष्टींची, चित्रांची, माहितीची पुस्तकं. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी. सगळी पानं हवीत. पाठ्यपुस्तकं, गाईड नकोत. आणण्याआधी फोटो पाठवा." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं.

विकत घ्यायची असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची मुलांसाठीची मालिका स्वस्त आहे आणि मराठीतही मिळते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतल्या सचित्र गोष्टी फुकट उतरवून घेता येतात आणि छापायलाही मुक्त परवानगी आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. त्यातली कोडी आम्ही मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून भिंतीवर लावतो. कल्पना सुचेनाशा झाल्या की ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चक्कर मारा. 1893 सालापासूनची ही संस्था आहे. गावात वाचनाची एवढी जुनी परंपरा असताना आपल्या शाळेचं कपाट कुलपात, हे तिथून बाहेर पडताना जरा टोचतं.

4. कोणताही कार्यक्रम घेण्याआधी देवघेव सुरू करा

नवखे लोक नेमके इथेच चुकतात. उपक्रमांची यादी करतात, फलक रंगवतात आणि पुस्तकं कपाटातच राहतात. माझी कसोटी आता एकच आहे: उपक्रम संपल्यावर पुस्तक मुलाच्या दप्तरात गेलं का? नसेल गेलं तर तो तास करमणुकीचा झाला. त्यालाही ना नाही, पण ते वाचनालय नव्हे.

कपाटाला कुलूप का असतं हे समजून घ्या. आळस हे कारण क्वचितच असतं. वाचनालय ज्या बाईंच्या नावावर असतं, त्यांना पुस्तक हरवलं तर आपल्या खिशातून भरावं लागेल अशी धास्ती असते. मग सगळ्यात सुरक्षित पुस्तक कोणतं, तर न दिलेलं. ही धास्ती उपदेशाने जात नाही, सभेत सोडवावी लागते. आम्ही पालक-शिक्षक संघाकडून लिहून घेतलं की वर्षाला वीस पुस्तकांपर्यंत हरवणं-फाटणं गृहीत धरू आणि ती भरून देणं संघाकडे. त्या सभेनंतर बाईंनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. पहिल्या वर्षी सात पुस्तकं हरवली. त्यातली तीन दिवाळीच्या साफसफाईत मुलांच्या घरी गाद्यांखाली सापडली.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र सांगतं की पुस्तकं वापरासाठी असतात. सभेत कुणी आढेवेढे घेतले तर हे नाव उपयोगी पडतं. मोठ्या माणसाचा शब्द सभेत जरा लवकर पटतो.

देवघेव अशी चालवा:

- वार ठरवा आणि मोडू नका. आमचा गुरुवार. सोमवारी मुलं पुस्तक विसरतात, शनिवारी शाळा लवकर सुटते.
- शंभर पानी वही पुरते. रकाने चार: तारीख, मुलाचं नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची खूण.
- नोंद चौथीतली दोन मुलं करतील. आठवड्याला जोडी बदला. ही कामं मिळवण्यासाठी जी भांडणं होतात ती सोडवायची तयारी ठेवा.
- दंड नको. पहिल्या महिन्यात आम्ही आठवड्याला एक रुपया ठेवला होता. ज्यांच्या घरून रुपया येणार नव्हता, त्या मुलांनी पुस्तक घेणंच सोडलं. पुस्तक आणलं नाही तर त्या दिवशी नवं मिळत नाही, इथेच बसून वाचायचं, एवढा नियम पुरला.
- घट्ट कापडी पिशवी प्रत्येकाला. जुन्या साड्यांच्या पिशव्या आयांनी शिवून दिल्या. जुलैत पुस्तक भिजू नये म्हणून आत दुधाची धुतलेली प्लॅस्टिक पिशवी.

5. दर आठवड्याचे उपक्रम

तुमच्या हातात पस्तीस मिनिटं असतात. त्यातली दहा मुलांना आणण्यात, चपला काढण्यात आणि "बाई, हा ढकलतो" यात जातात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग असेल तर अर्धी मुलं बाईंबरोबर दोरीपाशी आणि अर्धी तुमच्यासमोर अशी विभागणी करा. मग मधेच अदलाबदल. एका तासाला एकच उपक्रम.

*मोठ्याने वाचन.* सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त बिघडतं. पुस्तक घरी तीनदा वाचून जा, एकदा तरी आरशासमोर. पुस्तक मुलांकडे वळवून धरायचं, म्हणजे तुम्हाला तिरकं वाचावं लागतं. त्याचा सराव लागतो. मुलं अर्धगोलात, खिडकी त्यांच्या पाठीशी, नाहीतर उजेडाने चित्र दिसत नाही. पान उलटायच्या आधी थांबा आणि विचारा, "आता काय होईल?" उत्तर चूक-बरोबर ठरवू नका. गोष्ट संपल्यावर "यातून आपण काय शिकलो?" हे विचारायचा मोह होईल. तेवढा आवरा. मुलं लगेच हात बांधून "खोटं बोलू नये" म्हणतात आणि गोष्ट तिथेच मरते. त्याऐवजी "कोणतं चित्र परत बघायचंय?" असं विचारा आणि ते पान खरंच परत उघडा.

*जोडीवाचन.* चौथीतलं एक मूल, पहिलीतलं एक मूल, मधे एक पुस्तक. याची खरी गंमत चौथीतल्या कच्च्या वाचकाला आहे. वर्गात तो अडखळतो म्हणून वाचत नाही; इथे लाल टिकलीचं सोपं पुस्तक वाचायला त्याला कारण मिळतं आणि समोरचा प्रेक्षक त्याला थोर समजतो. आमच्याकडचा एक मुलगा वर्षभर वर्गात मोठ्याने वाचायला उभा राहिला नव्हता. डिसेंबरात तो एका चिमुरडीला दटावत होता, "अगं, पूर्णविराम आला की थांबायचं असतं!" जोड्या मात्र आदल्या दिवशीच बाईंकडून ठरवून घ्या. ऐनवेळी ठरवायला गेलात तर तास त्यातच संपतो.

*पुस्तकशोध.* चिठ्ठ्यांवर प्रश्न: "ज्याच्या मुखपृष्ठावर छत्री आहे असं पुस्तक", "ज्यात एकही माणूस नाही असं पुस्तक", "निळ्या टिकलीचं सगळ्यात जाड पुस्तक". चार-चारच्या गटांत. धावायचं नाही हे तीनदा सांगा, तरी धावतीलच. शोधताना हाती लागलेलंच पुस्तक घरी नेण्याचं प्रमाण इतकं असतं की देवघेवीच्या अर्धा तास आधी हा खेळ ठेवा.

*प्रश्नाचा आठवडा.* भिंतीवर एक प्रश्न लावायचा आणि उत्तर पुस्तकातून शोधायचं. आपल्या भागाचा प्रश्न असेल तर मुलं झपाटतात. आमचा सगळ्यात रंगलेला प्रश्न होता, "खाडीतले फ्लेमिंगो गुलाबी का?" निम्म्या मुलांनी ते ट्रेनमधून किंवा ऐरोलीच्या पुलावरून पाहिलेले. उत्तर सापडलं की ते खातात त्या शेवाळात आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांत रंगद्रव्य असतं, ते पिसांत उतरतं. त्यावर एकाचा उपप्रश्न: "मग मी रोज पालक खाल्ला तर?" ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तेव्हाची कात्रणं कुणाकडे असतील तर लावा. शाळेला सहल काढता आली तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात जा, पण भरतीच्या वेळा बघून. जाण्याआधी पक्ष्यांची पुस्तकं दोरीवर टांगलेली हवीत, आल्यावर टांगून उपयोग कमी.

*आजीची गोष्ट.* महिन्यातून एकदा कुणाची तरी आजी किंवा आजोबा. पहिल्यांदा मी पुण्याकडच्या, शुद्ध बोलणाऱ्या एका आजींना बोलावलं. छान झालं. दुसऱ्या वेळी कळव्याकडच्या एक आगरी आजी आल्या. त्यांनी खाडीतल्या खेकड्याची गोष्ट आगरीत सांगितली, हातवारे करत, मधेच गाणं म्हणत. मागच्या रांगेतली दोन मुलं, जी शाळेत घरची बोली कधी तोंडातून काढत नव्हती, ती एकदम पुढे सरकली आणि बाकीच्यांना शब्द समजावायला लागली. त्यानंतर तेलुगू बोलणारी एक आजी आली, नातवाने ओळ-ओळ मराठीत सांगितली. आमच्याकडे ज्या मुलांच्या घरी मराठी नाही, त्यांच्यासाठी याइतका उपयोगी तास दुसरा नाही.

या गोष्टींची आम्ही पुस्तकं केली. मुलांनी चित्रं काढली, बाईंनी मजकूर नीट उतरवून दिला, पाठकोऱ्या कागदांना दाभणाने शिवण घातली, पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ. मग दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक दिला, टिकली लावली. देवघेवीच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला क्रमांक त्या खेकड्याच्या पुस्तकाचा आहे. दोनदा परत शिवावं लागलं.

6. मोठे कार्यक्रम वर्षाला दोन, फार तर तीन

तारखा कॅलेंडरवर भरपूर आहेत. 12 ऑगस्ट हा रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन. 15 ऑक्टोबर, डॉ. कलाम यांची जयंती, राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. 23 एप्रिल पुस्तक दिन, पण तेव्हा परीक्षा आणि उन्हाळा, तो सोडून द्या. 15 ऑक्टोबरच्या आसपास सत्र परीक्षा असते; वेळापत्रक बघून आठवडाभर पुढेमागे केलंत तर आभाळ कोसळत नाही.

आमचा पहिला वाचन प्रेरणा दिन सांगते. मंडप, ध्वनिक्षेपक, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, कलामांवर पाठ केलेली सात भाषणं. पुस्तकांचं प्रदर्शन होतं, पण टेबलाला दोरी लावलेली, "हात लावू नये" अशी पाटी. दोन तास चाललं. पहिलीतली तीन मुलं झोपली. घरी येताना मुलीला विचारलं, कोणतं पुस्तक आवडलं? ती म्हणाली, "बघायला दिलं कुठे?"

पुढच्या वर्षी पाहुणे नाहीत, भाषणं नाहीत. चार कोपरे केले: ऐकण्याचा, शोधण्याचा, चित्र काढण्याचा आणि नुसतं गुपचूप वाचण्याचा. प्रत्येक कोपऱ्यात पंधरा मिनिटं, मग घंटा. (गुपचूप कोपरा ओस पडेल असं वाटलं होतं, तिथून मुलं उठेनात.) दारात देवघेवीचं टेबल, पुस्तक घेतल्याशिवाय बाहेर जायचं नाही.

तयारीचा हिशोब उलटा मोजा. तीन आठवडे आधी मुख्याध्यापकांशी तारीख, दोन आठवडे आधी प्रत्येक कोपऱ्याला एक शिक्षिका आणि एक पालक, आठवडाभर आधी साहित्य: सतरंज्या, खडू, पाठकोरे कागद, रंग, चिमटे, हातघंटा, पिण्याचं पाणी. आदल्या दिवशी खोली लावून ठेवता येईल असं समजू नका. दोन सत्रांच्या इमारतीत दुपारची मुलं येऊन बसतात, सगळं सकाळी साडेसहालाच मांडावं लागतं. आणि साडेबाराच्या आत आवरा, माध्यमिकवाले दारात उभे असतात.

बक्षिसं ठेवू नका. "सर्वात जास्त पुस्तकं वाचणारा" अशी स्पर्धा आम्ही एका सत्रात ठेवली, तर एका मुलाने दिवसाला चार पुस्तकं नुसती उलटून परत केली. त्याचं काय चुकलं? नियम आमचाच होता.

7. मार्च-एप्रिलची आवराआवर

मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी शेवटची देवघेव. त्यानंतर फक्त परत घ्यायचं. चौथीच्या मुलांची पुस्तकं आधी मागा, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ती गेली की परत मिळणं कठीण. नोंदवही आणि कपाट पुन्हा जुळवा, हरवलेल्यांची यादी संघाला द्या, फाटलेली चिकटपट्टीने जोडू नका (ती पिवळी पडून कागद खाते), खळ आणि पातळ कागद वापरा.

वर्षभर काय घेतलं, काय फसलं हे एका वहीत तारखेसह लिहा आणि ती वही वाचनालयातच ठेवा, घरी नेऊ नका. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी येईल. किल्लीच्या दोन प्रती करून घ्या: एक कार्यालयात खिळ्याला, एक मावशींकडे. तिसरी करायची गरज नाही.